सोबत एक व्यक्ती आणावी

टिटवाळा पूर्वेकडील ‘बायजा हाइट्स’ या संकुलाच्या ब विंगमधील सूचना फलकावर दिनांक २ फेब्रुवारी रोजी सकाळी ठीक नऊ वाजता एक यादी लावण्यात आली. यादी मीच लावली. मी प्रभाकर, या संकुलाचा मानद सचिव. निवृत्तीपूर्वी एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत मी चौतीस वर्षं काढली आणि त्या काळात एकही कागद माझ्या टेबलावर चोवीस तासांहून जास्त थांबला नाही. तो पुढच्या टेबलावर गेला. तिथे त्याचं काय झालं हे पाहणं माझ्या शाखेचं काम नव्हतं.

यादीचं निमित्त संक्रांतीचं. आमचे अध्यक्ष काळुराम शेठ यांनी यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलचा डबा न देता महिलांची आरोग्य तपासणी दिली. ज्या जमिनीवर आमच्या चार विंग उभ्या आहेत ती शेठांची भातशेती होती, त्यामुळे अध्यक्षपद त्यांच्याकडे निवडणूक न होताच येतं. तपासणीच्या गाडीवाल्याला शंभर डोकी हवी होती, म्हणून सवाष्णींबरोबर लग्नाच्या मुलींनाही बोलावलं. दोन आठवड्यांनी अहवाल बंद पाकिटांतून सोसायटीच्या ऑफिसात आले. एकेकीला बोलावून पाकीट देत बसण्यापेक्षा सगळे निकाल एकत्र टाइप करून फलकावर लावणं मला सोयीचं वाटलं. पाण्याच्या टाक्या धुण्याच्या तारखा फलकावर असतात, गच्चीवर पापड वाळवायच्या पाळ्या असतात, मग हिमोग्लोबिननेच काय घोडं मारलं होतं?

रक्त कमी असलेल्या एकोणीस निघाल्या, थायरॉईडच्या सात. शेवटची ओळ अशी होती: ‘फ्लॅट ३०४. कु. संचिता साईनाथ. वय २७. पीसीओएस (पीसीओडी). मनःस्थिती फार खालावलेली. मानसोपचारतज्ज्ञांना त्वरित दाखवावे.’ यातला ‘त्वरित’ मी ठळक केला, कारण मूळ अहवालात त्याच्याखाली रेघ होती. कार्यालयीन कामात अचूकपणा हवा.

संध्याकाळी संचिता ऑफिसात आली. ठाण्याच्या एका खाजगी कंपनीत नोकरी करते. तोंडाला ओढणी बांधलेली. ती घरातसुद्धा हनुवटी झाकून बसते, असं आमच्या सौ.चं निरीक्षण आहे.

“काका, ती यादी काढा ना.”

“का? काही चूक झालीय?”

“चूक नाहीये. माझं आहे ते.”

“मग अर्ज दे. लावलेली सूचना पंधरा दिवस ठेवावी लागते. नियम आहे.”

“लोक वाचतायत, काका.”

“फलक त्यासाठीच असतो, बाळा.”

ती गेली नाही. खुर्चीवर बसली आणि खाली बघून बोलत राहिली. सहा वर्षं पाळीचा पत्ता नसतो, वजन वाढतं, हनुवटीवर केस येतात. तीन डॉक्टर झाले. तिघांनीही ‘लग्न झालं की होईल सगळं व्यवस्थित’ असं सांगून गोळ्या दिल्या. शिबिरातल्या तरुण डॉक्टरबाईंनी मात्र पहिल्यांदाच विचारलं, झोप लागते का, रडू येतं का, कशात मन लागतं का. त्यावर ही अर्धा तास रडली. बाईंनी सांगितलं की या दुखण्यात मनही खचतं, खूप जणींचं खचतं, तो काही तुझा आळस नाही. एक बरं होईपर्यंत दुसरं ताटकळत ठेवू नकोस, दोन्हीकडे एकदम बघ.

“मी ठाण्याला एका दवाखान्यात फोन केलेला. त्यांचा मेसेज आला, पहिल्या भेटीला सोबत एक व्यक्ती आणावी. मला फक्त एक माणूस पाहिजे, काका. बाबांना बोलले, तर ते बोलतात विचारून सांगतो.”

“कोणाला विचारून?”

“तुम्हाला.”

हे ऐकून मला साईनाथचं कौतुक वाटलं. माणूस सालस. आमच्याकडे कोणी ठराव झाल्याशिवाय स्वतःच्या दाराला रंग लावत नाही, मग हा तर मुलीच्या डोक्याचा प्रश्न. शिवाय डोंबिवलीच्या रत्नदीप नावाच्या मुलाचं स्थळ चालून आलं होतं. पुढेमागे काही वाकडं झालं, तर निर्णय एकट्या बापाचा नको, सर्वांचा असावा, हा त्यामागचा विचार. दुसऱ्याच दिवशी त्याचा अर्ज आला: ‘मुलीस ठाणे येथे डोक्याच्या डॉक्टरांकडे न्यावे किंवा कसे, याबाबत समितीने मार्गदर्शन करावे.’ मी तो आवक क्रमांक ४१ ला घेतला.

समितीची सभा रविवारी झाली. शेठ, महिला शाखेच्या प्रमुख निशिगंधा मॅडम, साईनाथ आणि मी असे चौघे होतो. निशिगंधा मॅडम तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून आहारतज्ज्ञ झाल्या आहेत. त्यांनी सुरुवातीलाच विषयाचे दोन भाग पाडले.

“पीसीओडीला माझी काही हरकत नाही. ते आता चांगल्या चांगल्या घरांत असतं. माझ्या भाचीला आहे, ती तर पुण्याला असते. पण मानसोपचार वगैरे नको. आपल्याकडे लग्नाच्या अजून चौदा मुली आहेत. उद्या लोक म्हणतील, त्या बिल्डिंगमधल्या का?”

“तिला ताण आहे म्हणतात,” साईनाथ हळूच बोलला.

शेठ मनापासून चकित झाले. “ताण कनाचा? दोन लिफ्ट हायेत, चोवीस तास पानी हाय. आमची आय उनात भात लावाची, तिला नाय जाला ताण. हिला बसून जाला?”

मी मधला मार्ग काढला. प्रश्न ताणाचाच असेल, तर ताणच काढून टाकावा. ठराव क्रमांक १४ अन्वये बायजा हाइट्स हे संकुल सर्वानुमते ताणमुक्त घोषित करण्यात आलं. गेटवर तशी हिरवी पाटी लागली. साईनाथच्या अर्जाला मी त्याच दिवशी उत्तर दिलं: ‘संकुलाच्या हद्दीत ताण अस्तित्वात नसल्याने आपल्या मुलीस तो असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सबब ठाणे येथे नेण्याची आवश्यकता दिसत नाही. तथापि पीसीओडीबाबत समिती सर्वतोपरी सहकार्य करील.’

आणि सहकार्यात आम्ही कसूर केली नाही. तिला सकाळी साडेपाचला उठवण्याची जबाबदारी वॉचमनवर टाकली. पार्किंगभोवती चाळीस फेऱ्या ठरल्या, प्रत्येक फेरीला रजिस्टरवर सही. सहा वाजता ३०४ च्या खिडकीखाली हास्य वर्ग. निशिगंधा मॅडमनी पिवळा स्कार्फ बांधून, मुठी कमरेवर ठेवून ‘हा हा’ म्हटलं की तिनेही म्हणायचं. चौथ्या दिवशी ‘हा हा’ म्हणता म्हणता ती ढसाढसा रडू लागली. आवाज साधारण तसाच येत असल्याने वर्ग चालू राहिला आणि तिची हजेरी लागली.

उपचार मजल्यांना वाटून दिले होते. पहिल्या मजल्याकडे मेथीचं पाणी, दुसऱ्याकडे दालचिनी, चौथ्याकडे जवसाची चटणी. पण बायकांचा हात सढळ. चटणीबरोबर डिंकाचे लाडू येऊ लागले, मग अळिवाचे, मग ‘हे तर तुपाशिवायच आहेत’ असं सांगून तुपातले. येता-जाता प्रत्येकजण तिला थांबवून एक वाक्य बोले. ‘अगं, चेहऱ्याला जरा बेसन लाव.’ ‘वजन उतरव, मग बघ कसं सगळं जागेवर येतं.’ ‘एवढा विचार करायचाच नाही.’ दर सोमवारी तिचं वजन फलकावर लागे. हे पारदर्शकतेसाठी होतं. सहा आठवड्यांत ते अडीच किलोने वाढलं, तेव्हा महिला शाखेने शेरा मारला: ‘रुग्ण सहकार्य करीत नाही.’

एप्रिलमध्ये रत्नदीपच्या घरचे मुलगी बघायला आले. रत्नदीपची आई गेटपाशीच थबकली आणि हिरवी पाटी दोनदा वाचून तिने मला विचारलं, “ताणमुक्त म्हणजे? आधी इथे काही होतं का?”

“काहीच नव्हतं,” मी म्हणालो.

“मग पाटी कशाला लावली?”

माझ्या सेवाकाळात असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. वर चहा झाला, पोहे झाले. मुलगा चांगला दिसला, पण तासभर स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता. जाताना बाईंनी साईनाथला बाजूला घेतलं. “मुलगी आवडलीय आम्हाला. फक्त डोक्याचं काही नाही ना, तेवढं सोसायटीकडून लिहून घ्या. आमच्या घराण्यात तसलं काही चालत नाही.”

प्रमाणपत्राचा मसुदा मी रात्रीत केला. ‘प्रमाणित करण्यात येते की, कु. संचिता हिला ताण नाही, पूर्वी नव्हता व यापुढेही असणार नाही.’ खाली अध्यक्षांची सही, सचिवांची सही, आणि ‘मला वरील मजकूर मान्य आहे’ या ओळीखाली मुलीची सही. शेठांनी न वाचता सही केली. संचिताने मात्र कागद वाचला.

“मी नाही करणार सही.”

साईनाथने तोंड फिरवलं. मी समजुतीने घेतलं. “अगं, नुसता कागद आहे.”

“काका, मला बरं वाटत नाहीये. सकाळी डोळे उघडले की वाटतं, अजून एक दिवस. बस एवढंच. एवढं एक वाक्य तुमच्या कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिता येतं का? आवकमध्ये घ्या, जावकमध्ये घ्या. कुठे तरी लिहा.”

खरं सांगतो. मला दोन मुलगे आहेत, पण मुलगी असती तर अशीच खालच्या आवाजात बोलली असती, असं वाटून गेलं. मी रजिस्टर उघडलं. त्यात अर्जदाराचं नाव, विषय, दिनांक, कोणाकडे पाठवलं आणि शेरा एवढेच रकाने होते. विषयात तिचं वाक्य मावत नव्हतं आणि पुढे कोणाकडे पाठवायचं तेही कळेना. मी रजिस्टर मिटलं.

त्यानंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली. कामावर जाईना, फेऱ्यांना येईना. वॉचमनने तीन दिवस गैरहजेरी लावली आणि चौथ्या दिवशी तोंडी कळवलं की दार कोणी उघडत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात साईनाथ माझ्याकडे आला. या वेळी त्याच्या हातात अर्ज नव्हता. तो दारातच उभा राहिला.

“ती काल आईला बोलली, मी नसले तरी तुमचं काही अडणार नाही.” एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला.

मी तातडीची सभा बोलावली. गांभीर्य सर्वांना मान्य होतं. निशिगंधा मॅडमचे डोळे भरून आले. ठाण्याच्या दवाखान्यात न्यायलाच हवं, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. दवाखान्याने शनिवारी सकाळची वेळ दिली. प्रश्न फक्त सोबत कोणी जायचं एवढाच उरला आणि त्यावर पावणेदोन तास चर्चा झाली.

“मी गेले असते,” निशिगंधा मॅडम म्हणाल्या, “पण शनिवारी मला जमतच नाही. शनिवारी माझा एक क्लास असतो, बाहेर.”

शेठही म्हणाले, “शनवारी मना खडवलीला जावाचं हाय, जमिनीचे कामाला. मागले बारा शनवार जातंय.”

“साईनाथ, तुम्हीच जा की,” मी म्हणालो.

“माझी पंचवीस वर्षं नोकरी ठाण्यात झाली. रस्त्यात दहा माणसं ओळखीची भेटतील. रत्नदीपच्या घरी कळलं तर? आणि हिची आई तिथे गेली की रडणार, म्हणजे सगळ्यांना कळणार.”

अखेर ठराव क्रमांक १९ मंजूर झाला. त्यानुसार सचिवाने, म्हणजे मी, निरीक्षक म्हणून जायचं होतं. अटी तीन होत्या. मुलीने पुढच्या रिक्षात बसायचं, निरीक्षकाने मागच्या, आणि लोकलमध्येही डबे वेगळे घ्यायचे. दवाखान्यात एकमेकांशी बोलायचं नाही. आणि कोणत्याही परिस्थितीत संकुलाचं नाव येऊ द्यायचं नाही.

शनिवारी संचिता खाली आली, तेव्हा मी तिला जवळजवळ ओळखलं नाही. सव्वा महिन्यात चेहरा पार उतरला होता. पण मला बघून तिने ओढणी नीट केली आणि म्हणाली, “थँक्यू, काका. मला वाटलेलं, कोणीच नाही येणार.” अटींबद्दल तिला बापाने सांगितलेलं नसावं. मी तिला पुढची रिक्षा दाखवली.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. ती वर गेल्यावर मी पाच मिनिटं थांबून जिना चढलो. बसायची खोली लांबट होती, वीसेक खुर्च्या, एक सोडून सगळ्या भरलेल्या. कोपऱ्यात माशांची काचेची पेटी होती आणि संचिताशेजारी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेली एक व्यक्ती सोडली, तर जमलेली सर्व माणसं त्या माशांकडे अशा एकाग्रतेने बघत होती की मला आधी ते माशांचेच डॉक्टर वाटले. मीही उरलेल्या खुर्चीत बसून बघू लागलो. तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी एकाला हाक मारली.

“काळुराम शेठ, या वेळेला गोळ्या मध्येच बंद नाही ना केल्या? मागच्या वेळेसारखं नका करू हां.”

माशांपासून नजर न हलवता खिडकीजवळचा एक माणूस मान डोलवून ‘नाय’ म्हणाला. मांडीवर त्याची चांगली जाड फाइल होती. त्याच्या पलीकडे गॉगल लावून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून एक बाई बसल्या होत्या. पिवळा स्कार्फ मी ओळखला, हास्य वर्गाचा होता. भिंतीलगत रत्नदीप आपल्या बुटांकडे बघत बसला होता आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्याची आई होती. तसलं काही न चालणाऱ्या घराण्यातून ते दोघं आले होते. आम्ही सर्वांनी एकमेकांना पाहिलं आणि कोणीच कोणाला ओळखलं नाही. इतकी शिस्त मी आमच्या सर्वसाधारण सभेतसुद्धा पाहिलेली नाही.

“संचिता साईनाथ,” काउंटरवरून नाव आलं.

ती उभी राहिली. त्या खोलीत पूर्ण नावाला उघडपणे ‘हो’ म्हणणारी तेवढी एकटीच.

“पहिल्यांदा आलायत ना? सोबत कोण आलंय?”

संचिताने वळून माझ्याकडे पाहिलं. मग काउंटरवरच्या बाईंनी पाहिलं. मग माशांवरच्या डोळ्यांच्या वीस जोड्या हळूहळू माझ्यावर आल्या. शेठ बघत होते, गॉगलही बघत होता आणि रत्नदीपच्या आईने तर मला नखशिखांत न्याहाळलं. मला फक्त ‘मी’ एवढं म्हणायचं होतं. एक अक्षर. त्याला ना रकाना लागत होता, ना आवक क्रमांक.

“मी इथला नाही,” मी म्हणालो. “मी खालच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आलोय. जिना चुकला.”

खोलीत सुटकेचा निःश्वास टाकल्यासारखं झालं. पंधरा-वीस डोकी पुन्हा माशांकडे वळली.

“कोणी नाही आलेलं,” संचिता म्हणाली.

“नसू दे,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. “ये तू. ते आपलं मेसेजमध्ये सगळ्यांनाच जातं. कोणी नसलं तरी बघतात डॉक्टर. त्याच्यासाठी थांबली नव्हतीस ना?”

“चार महिने,” संचिता म्हणाली आणि आत गेली.

निरीक्षण अपूर्ण राहू नये म्हणून मी तिथेच बसून राहिलो. पाऊण तासाने ती बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण मान वर होती. हातात औषधांची चिठ्ठी आणि पुढच्या तारखेचं कार्ड. तोंडाची ओढणी तिने सोडून गळ्यात टाकली होती. माझ्या खुर्चीपाशी ती थांबली.

“काका, झाले का डोळे तपासून?”

उत्तराची वाट न बघता ती जिना उतरून गेली. एकटीच गेली. पुढच्या तारखेलाही ती एकटीच जाईल, हे आता तिला माहीत आहे आणि मलाही. इतिवृत्तात मी ‘कामकाज सुरळीत पार पडले’ असं लिहिलं.

इथवर वाचून तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडत असाल. मोडा. पण त्या शनिवारी संचिताच्या शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून कोण बसलं होतं, हे मी पाहिलंय. तासाभरात तुम्ही एकदाही पान उलटलं नाहीत. ‘सोबत कोण आलंय’ हा प्रश्न तुम्हाला माझ्याइतकाच स्वच्छ ऐकू आला होता आणि तुम्ही तर तिच्यापासून हातभर अंतरावर होता. मला निदान ठराव क्रमांक १९ आड आला. तुम्हाला काय आड आलं?